अडतीस मेगाबिटांचा शिधा

अनंत चतुर्दशीची रात्रपाळी मी मागून घेते. वाहिन्या उपग्रहाकडे पाठवणाऱ्या दिल्लीजवळच्या ज्या अर्थस्टेशनवर मी काम करते, तिथे मराठी बोलणारी मी एकटीच. त्या रात्री आमच्या मॉनिटर वॉलवर पाच-सहा मराठी वाहिन्या एकाच वेळी लालबाग, गिरगाव आणि पुण्याचा लक्ष्मी रस्ता दाखवत असतात. घरापासून इतक्या लांब बसून विसर्जन बघायला मिळतं, हे एक कारण. दुसरं कामाचं. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्राला, म्हणजे एन्कोडरला, गुलालाइतकं अवघड काही नाही.

टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं दिसतात, पण एन्कोडर ती सगळी जशीच्या तशी पाठवत नाही. एक चित्र पूर्ण पाठवतो, त्याला आम्ही आय-फ्रेम म्हणतो. पुढच्या दहा-बारा चित्रांसाठी तो फक्त काय हललं आणि कुठून कुठे सरकलं, एवढंच कळवतो. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत तीच असते, टेबल तेच असतं. नवे असतात ते ओठ आणि पापण्या. अशा चित्राला बिट फार लागत नाहीत. गुलालाचं तसं नाही. मूठभर गुलाल उडाला की त्याचा प्रत्येक कण आपापल्या वाटेने जातो, मागच्या चित्राशी पुढच्याचं काही जुळत नाही. त्यात ढोलांवरच्या टिपऱ्या, पताका, धूर, आणि फोटोग्राफरांचे फ्लॅश. एक फ्लॅश पडला की अख्खं चित्र उजळून बदलतं. हातातले बिट संपले की एन्कोडर बारकावे सोडायला लागतो, आणि गणपतीच्या सोंडेजवळ सोळा बाय सोळाचे चौकोन उभे राहतात. बघणारे म्हणतात, चित्राचे ठोकळे झाले. आम्हीही तेच म्हणतो.

बिट संपतात कसे, तर ते मोजूनच मिळालेले असतात. स्टुडिओतून केबलवरून येणारा साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचा सिग्नल सेकंदाला २७० मेगाबिटचा. त्यात प्रत्यक्ष चित्र १६६ च्या आसपास. एचडी असेल तर जवळपास दीड गिगाबिट. आणि उपग्रहावरच्या ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्रातून, जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीने, पावसासाठी थोडी जागा राखून, साधारण ३८ मेगाबिट जातात. म्हणजे एक वाहिनीसुद्धा कच्ची मावत नाही. मी कामाला लागले तेव्हा या ३८ मध्ये आम्ही दहा-बारा वाहिन्या बसवत होतो. एकेकीच्या वाट्याला सरासरी तीन मेगाबिट. स्टुडिओतून जे निघालं, त्याचा नव्वदावा हिस्सा घरी पोचायचा आणि घरच्यांना ते पूर्ण चित्र वाटायचं. वीस वर्षं हे काम करूनही मला या गोष्टीचं नवल वाटतं.

ते शक्य झालं त्याच्या मुळाशी बेंगळुरूत जन्मलेला एक माणूस आहे. नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत एका गणिती कल्पनेसाठी संशोधन-निधी मागितला होता, तो मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये त्यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला. चित्राचा आठ बाय आठ ठिपक्यांचा तुकडा घ्यायचा आणि त्यातला ढोबळ उजेड वेगळा, बारीक वीण वेगळी अशी उकल करायची. डोळ्याला ढोबळ भाग आधी कळतो, म्हणून तो जपायचा. वीण परवडेल तेवढी ठेवायची. फोनमधल्या जेपेग फोटोपासून टीव्हीच्या एमपेग-२ पर्यंत सगळं या उकलीवर उभं आहे. कामावर नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्याच दिवशी ही तीन नावं सांगते.

उपग्रहावरची जागा कमी पडली की शिधा आणखी बारीक होतो. १० जुलै २००६ ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही निघालं, त्यावर इन्सॅट-४सी होता, बारा केयू-बँड ट्रान्सपॉन्डर घेऊन. मिनिटभरात यान भरकटलं आणि नष्ट करावं लागलं. आम्ही टीव्हीसमोर उभे होतो, कुणी काही बोललं नाही. बदली उपग्रह, इन्सॅट-४सीआर, सप्टेंबर २००७ मध्ये गेला. मधल्या काळात ट्रान्सपॉन्डर मागून मिळत नव्हता आणि नव्या वाहिन्या तर रोज दारात उभ्या. मग एकच उपाय उरायचा, आहे त्यांनाच आणखी दाबायचं.

दाबायचं कुणाला, हे ठरवतो स्टॅट मक्स. एका ट्रान्सपॉन्डरवरच्या सगळ्या एन्कोडरांचा तो मुकादम. सेकंदात कितीतरी वेळा तो प्रत्येकाला विचारतो, तुझं चित्र किती अवघड आहे? ज्याचं अवघड, त्याला जास्त देतो. स्थिर चित्रवाल्याकडून काढून घेतो. बातम्या आणि क्रिकेट शेजारी बसवले की दोघांचं भागतं. योजना सुरेख आहे. पण मुकादमाला प्रत्येक वाहिनीचं वजन, कमाल आणि किमान मर्यादा आकड्यांत सांगावी लागते, आणि ते आकडे माणसं भरतात. आमच्याकडे मी भरते.

हे आकडे म्हणजे काय, ते मला सांगलीच्या आत्यामुळे कळलं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी तिचं भजनी मंडळ एका मराठी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात होतं. चित्रीकरण आधीच झालेलं. आत्याने लग्नातली पैठणी नेसली होती, पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी बसली होती. तिच्या घरी रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स होता. तिने आदल्या रात्रीच वेळ लावून ठेवली, दोनदा तपासली. दुपारी तिचा फोन आला.

"अगं, बाकी सगळं छान आलंय. पण माझ्या पदराचे ठोकळे का गं झाले? टाळ वाजले की चेहरेपण हलतात."

मी लॉग उघडला. सकाळी साडेसहा ते सात. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात होता, कसोटी चालू होती, आणि ती दाखवणारी क्रीडा वाहिनी याच ट्रान्सपॉन्डरवर. तिचा आलेख साडेपाच मेगाबिटवर खेळत होता. आत्याच्या वाहिनीची रेघ १.३ वर, अगदी जमिनीला चिकटलेली. १.३ ही त्या वाहिनीची किमान मर्यादा मीच भरली होती. जरीचा पदर म्हणजे बारीक वीण आणि चकाकी, दोन्ही. टाळ म्हणजे वेगाने हलणारं पितळ. मुकादमाने दोन्ही सोडून दिलं होतं.

आत्या दिवसभर तेच तेच लावून बघत होती, म्हणून इथे रेकॉर्डिंगबद्दल सांगायला हवं. घरचा बॉक्स चित्र नव्याने बनवत नाही. उपग्रहावरून जो प्रवाह येतो तोच उचलून डिस्कवर लिहितो. त्यामुळे डिस्कमध्ये किती तास मावतील, हे आम्ही इथे बसून ठरवत असतो. तीन मेगाबिटची वाहिनी तासाला सुमारे १.३५ गीगाबाईट घेते. १६० गीगाबाईटच्या डिस्कमध्ये हिशेबाने एकशे अठराच्या आसपास तास. तीच डिस्क आठ मेगाबिटच्या एचडीला दिली तर चव्वेचाळीस तासांत भरते. लोक विचारतात, अर्धा तास रेकॉर्ड केलं की दर वेळी जागा वेगवेगळी का जाते? त्या सकाळी आत्याच्या अर्ध्या तासाला तीनशे एमबीच्या आसपास लागले असतील, आणि तेवढ्याच वेळाच्या क्रिकेटला सव्वा गीगाबाईट. आम्ही जे गाळलं ते डिस्कवर कधी येतच नाही. मोठा टीव्ही घेऊन ते परत मिळत नाही.

पावसाची खूणही अशीच कायमची राहते. पूर्वी सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमधून माणूस ओळखू यायचा. आता केयू-बँडच्या लहरी मुसळधार पावसात अडतात आणि १८८ बाइटांचं एखादं पाकीट हरवतं. ते पाकीट आय-फ्रेममधलं असेल तर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत, म्हणजे अर्धा सेकंद तरी, चित्र फाटलेलं दिसतं. समोर बघणारा ते विसरतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो आषाढातला अर्धा सेकंद दर वेळी त्याच जागी येतो.

(आय-फ्रेम दूर दूर ठेवल्या की बिट वाचतात. पण वाहिनी बदलली की बॉक्स पुढच्या आय-फ्रेमची वाट बघत काळा पडदा दाखवतो. रिमोटवर सारखी बटणं दाबणाऱ्यांची चिडचिड होते ती त्या बचतीमुळेही.)

आत्याचं चित्र बिघडायला आणखी एक कारण होतं, ते मला लॉगमध्ये नाही, डोळ्यांनी सापडलं. वाहिनीकडून आमच्याकडे येणारा सिग्नलच एकदा दाबलेला असतो. आम्ही तो उलगडतो आणि पुन्हा दाबतो. आता, पहिल्या एन्कोडरने पदरावर जे ठोकळे पाडले, ते ठोकळे आहेत हे दुसऱ्याला कळत नाही. त्याला त्या कडा खऱ्याच वाटतात, आणि आधीच तुटपुंजे असलेले बिट तो त्या कडा जपण्यात घालवतो. आदल्याच्या चुका पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यासारखं. येणारा सिग्नल स्वच्छ मिळावा म्हणून मी वाहिन्यांशी इतकी का भांडते, याचं कारण हे आहे.

त्या आठवड्यात मी किमान मर्यादा १.३ वरून २.२ करायचा प्रस्ताव मांडला. वरिष्ठांनी रास्त प्रश्न विचारला. हे ०.९ आणायचे कुठून? क्रिकेट जरा बिघडलं की शेकडो फोन येतात. त्या वाहिनीबद्दल एकही तक्रार नाही. मी दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. एकावर साडेपाचचं क्रिकेट, दुसऱ्यावर तेच ४.६ वर. खोलीत सात जण होते, सगळे याच कामातले. कोणतं कोणतं हे एकालाही खात्रीने सांगता आलं नाही. मग तेच मराठी वाहिनीचं केलं, १.३ आणि २.२. तिथे कुणाला विचारावं लागलं नाही. भरल्या ताटातून काढलेला घास कळत नाही. रिकाम्या ताटात तोच घास म्हणजे जेवण. बिटरेटचा आलेख तसाच असतो, खाली उभा चढतो आणि वर सपाट होत जातो. आम्ही सगळे पुस्तकात हे शिकलो होतो, पण त्या सपाटीवरून काढून खाली द्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण खालून फोन येत नव्हता. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं मीही अनेक वर्षं धरून चालले होते, आणि ते चूक होतं. प्रस्ताव मंजूर झाला.

पुढच्या वर्षी सगळ्या धंद्यातच एमपेग-२ जाऊन एच.२६४ यायची घाई होती. हे तंत्र २००३ चं. तेवढंच चित्र जवळपास निम्म्या बिटांत देतं. त्याच ट्रान्सपॉन्डरवर जास्त वाहिन्या, त्याच डिस्कवर जास्त तास. पण जुन्या बॉक्सला ही भाषा वाचता येत नाही, म्हणून बॉक्स बदलावे लागले. आत्याकडे कंपनीचा मुलगा आला, नवा बॉक्स लावला, जुना पिशवीत घालून घेऊन गेला. रेकॉर्डिंगचं काय होणार, हे त्याने सांगितलं नाही आणि तिला विचारायचं सुचलं नाही. अशा बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, त्याच बॉक्सवर उघडतं. पेन ड्राइव्हवर काढता येत नाही, डिस्क दुसरीकडे लावली तरी वाचता येत नाही. नाटकं, नातवाने लावलेली कार्टून्स, आणि तो अर्धा तास, सगळं त्या पिशवीतून गेलं.

मी वाहिनीत ओळखीच्या माणसाला विचारलं. प्रक्षेपणाची नोंद नियमाप्रमाणे नव्वद दिवस ठेवावी लागते, ती त्यांनी ठेवली होती. नव्वद दिवस केव्हाच उलटले होते. मूळ टेपवर नवा कार्यक्रम चढला होता. उरलं ते एवढंच, नातवाने त्या सकाळी टीव्हीसमोर उभं राहून फोनवर घेतलेलं चाळीस सेकंदांचं शूटिंग. त्यात आत्या आहे, ठोकळेही आहेत, आणि फोनने ते इमानाने जपले आहेत. घराघरांतले बॉक्स बदलायचे ठरले तेव्हा मी त्या बैठकांना हजर होते. बदलण्याआधी दोन ओळींची सूचना द्या, एवढं मी म्हणायला हवं होतं. आम्ही तासन् तास सिंबल रेटसारख्या तांत्रिक गोष्टींवर बोललो.

पुढच्या मार्गशीर्षात मंडळाला पुन्हा बोलावणं आलं. पहिल्या पाळीला मीच होते. क्रीडा वाहिनीवर कुठलासा जुना सामना, शेजारी चित्रपटाची वाहिनी, पलीकडे बातम्या. साडेसहाला कार्यक्रम सुरू झाला. सांगलीत आत्याने नव्या बॉक्सवर रेकॉर्डिंग लावलं होतं, लाल दिवा लागल्याचं मला फोनवर सांगून झालं होतं. कॅमेरा डावीकडून सरकत पहिल्या रांगेवर आला, टाळ वाजायला लागले, आणि माझ्यासमोरची रेघ किमान मर्यादा सोडून वर चढली. मी मॉनिटरच्या अगदी जवळ गेले. पदरावरचे मोर सुटे दिसत होते. मी पाच मोजले, तेवढ्यात कॅमेरा पेटी वाजवणाऱ्या बाईंकडे गेला.