खरजातला गंधार

5 जुलै 2025, शनिवार. सावेडी, नगर

फिजिक्सच्या शिकवणीला आज सुट्टी. सकाळीच गिटार उतरवली. सहावी तार ई वरून थेट सी वर, पाचवी जी, चौथी सी, तिसरी जिथल्या तिथे, दुसरी अर्धा स्वर चढवून सी, पहिली अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅट. पांढरी एकचा षड्ज धरला तर सा, प, सा, प, सा आणि वर कोमल गंधार. डावा हात खिशात ठेवून नुसता उजवा फिरवला तरी मायनर कॉर्ड वाजते.

जाड तारेचा ताण किती कमी झाला हे विद्यार्थ्यांना घालावं असं गणित आहे. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 82.4 हर्ट्झवरून 65.4 वर आलो, म्हणजे ताण सदतीस टक्क्यांनी घटला. तार पडद्यांवर लोळते, खरखरते. ऐकायला जवारीच्या जवळचं वाटतं, पण मिरजेचे कारागीर जवारी काढतात ती घोडी घासून, हिशेबाने. इथे नुसता ढिलेपणा आहे. तरी आवडतो.

6 जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर पंढरपूर. दुपारी स्किप जेम्स लावला. एकादशीला मिसिसिपीचा ब्लूज, आईने एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

मोकळ्या तारांवर मायनर लावणाऱ्यांत हा माणूस फार वर. 1931 साली विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी त्याने ध्वनिमुद्रिका केल्या, खपल्या नाहीत, आणि पुढची तीसेक वर्षं त्याला बहुतेक सगळे विसरले. 1964 मध्ये तरुण चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. त्याचं ट्युनिंग डी, ए, डी, एफ, ए, डी. ते त्याला मिळालं हेन्री स्टकीकडून. स्टकी सांगे की, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या सैनिकांकडून आपण ते शिकलो, आणि ते बहामाचे असावेत. खरंखोटं असो, गोष्ट सुरेख आहे.

या लावणीतली खरी मेख अशी की गंधाराच्या तारेवर पहिल्या पडद्याशी एक बोट ठेवलं की मायनरचं मेजर होतं. मोकळ्या तारा मेजरमध्ये लावल्या तर उलटा प्रवास इतका सोपा नाही, कारण मोकळ्या तारेच्या खाली पडदाच नसतो.

8 जुलै, मंगळवार

शेजारच्या काकू गाण्याच्या शिकवण्या घेतात. संध्याकाळी जिन्यातूनच आवाज आला.

"काय रे, हे काय लावलंयस?"

"मायनर, काकू. कोमल गंधार मोकळ्या तारेवर ठेवलाय."

"मोकळ्या तारेवर गंधार कशाला? खरज नीट ऐक की. त्यातून शुद्ध गंधार बोलतोय आणि तू त्याच्या उरावर कोमल बसवतोस."

"मग तुम्ही तोडी गाता तेव्हा तंबोऱ्यातला शुद्ध गंधार कुठे जातो?"

"कुठे जायचाय? तिथेच असतो. पण गळा येतो, लागतो, निघतो. आणि तोडीचा गंधार किती खाली ठेवायचा ते गळ्याच्या हातात असतं. तुझी तार काय, एकदा बसली की बसली."

चहा घ्या म्हटलं तर, "नको, पोरी आल्यात," म्हणून गेल्या.

तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावतात, मालकंसाला मध्यमात, मारव्याला निषादात. कोमल गंधारात लावलेली मी तरी ऐकलेली नाही. हे याआधी का सुचलं नाही कोण जाणे.

9 जुलै

दुपारी पाइपलाइन रोडच्या बाजूची वीज गेली. पंख्याची घरघर थांबली आणि काकूंचा तो शुद्ध गंधार, खरजातून आपोआप उमटणारा स्वयंभू स्वर, मला उघड ऐकू आला.

ताडून पाहिलं. माझ्या गिटारची तार नट ते घोडी 648 मिलिमीटर. तिचा पाचवा हिस्सा 130, म्हणजे चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे. तिथे सहाव्या तारेला नुसतं बोट टेकवून छेडली, की लख्ख शुद्ध गंधार. 65.4 ची पाचपट 327. मोकळी पहिली तार 311 वर. दोघांत सेकंदाला सोळा आंदोलनांचा फरक. हे मोजता येण्याइतके सावकाश ठोके नाहीत आणि दोन वेगळे स्वर वाटावेत इतकं अंतरही नाही. कानाला फक्त खरबरीतपणा कळतो. खरज जितका खाली आणि जितका दमदार, तितकं हे भांडण ठळक. 'मायनर उदास असतो' असं सगळे सांगतात. या लावणीतल्या उदासपणाचा निदान काही भाग तरी ही कुरबुर असावी, असं माझं मत झालंय.

10 जुलै, गुरुपौर्णिमा

आमच्या गल्लीतल्या एका घरात आज कोणी बोलत नाही. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मेहेराबादला मौन धरलं, ते 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचे भक्त या दिवशी मौन पाळतात. सकाळी त्या घरच्या काकांनी दुधाच्या पिशव्या बोटांनी मोजून मागितल्या.

नगरकरांना गिटारचं एवढं एक मोठं नातं लाभलंय आणि अर्ध्या गावाला पत्ता नाही. 'द हू' बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. 1971 च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्यातले बाबा म्हणजे आपल्या अरणगावजवळच्या मेहेराबादचे, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. 1972 मध्ये टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला इथे आला होता. त्याच वर्षीच्या 'हू केम फर्स्ट' या अल्बममध्ये त्याने बाबांची परवरदिगार प्रार्थना चाल लावून गायली. गणपतीत डीजेवर जे वाजतं त्यापेक्षा हे पोरांना सांगण्यासारखं आहे.

त्या घराकडे बघून मीही आज गिटार काढली नाही.

12 जुलै, शनिवार

काकूंच्या हरकतीवर उपाय शोधतोय. पहिली तार आणखी उतरवून डी वर आणली तर गंधारच जातो, राहतो रिषभ. पुष्कळ जण तेच करतात. आवाज मोकळा होतो, पण मग मायनर कशाला म्हणायचं? गंधार थोडा चढवून शुद्ध प्रमाणात, 314 वर ठेवला तरी फरक तेराचा उरतो.

तिसरा रस्ता शाळेतल्या भौतिकशास्त्रातला. तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वयंभू स्वराचा स्थिर बिंदू असतो, तो स्वर उमटत नाही. थॉमस यंगने हे 1800 च्या सुमारास सांगून ठेवलंय. म्हणजे घोडीपासून 130 मिलिमीटरवर, भोकाच्या घोडीकडच्या काठाशी सहावी छेडली, तर तिच्यातला शुद्ध गंधार गप्प बसायला हवा. पेन्सिलने बारीक खूण केली. अंगठा तिथेच ठेवून वाजवलं तर पुरता जात नाही, कारण अंगठा काही बिंदू नव्हे, पण कुरबुर निम्म्याहून कमी झाली. बोट दोन सेंटिमीटर मागे घेतलं की पुन्हा सुरू.

काकूंना ऐकवलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "आता ती वरची तार दर वेळी छेडू नकोस."

तसं वाजवून पाहिलं. खरज, पंचम, षड्ज, आणि गंधार तीन-चार आवर्तनांत एकदाच. ढिल्या पडलेल्या सहावीच्या जागी लावायला पुण्याहून 56 ची जाड तार मागवलीय, येत्या आठवड्यात लावीन.