टक्का

परवा परतूरहून मामा आले. तलावात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला मागायचाय. "फी आत्ता नाही रे. पैसे आले की वीस टक्के घे."

मी नाही म्हटलं. बार कौन्सिलच्या नियमांत टक्केवारीला साफ मनाई आहे. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतल्या निम्म्या वाट्याचा करार केला, तर १९५४ साली सुप्रीम कोर्टानेही त्याला निलंबित केलं. आपलाच वाटा अडकला की तडजोडीचा सल्ला नक्की कुणाच्या सोयीचा?

"म्हणजे सख्ख्या मामाकडं आधी रोख मागणार!"

बरं, फुकट चालवतो म्हटलं. (त्याला मनाई नाही.) तर आणखीच बिनसलं. "फुकटचं काम कोण मन लावून करतं?"

फाइल पिशवीत घालून मामा संध्याकाळच्या बसने गेले. मामीचा फोनही नाही.