मांडवीचे खडे

मे महिन्यात गावी गेलो की मुलांना एक दिवस रत्नागिरी दाखवायची, हा आमच्या घरचा रिवाज. सकाळी थिबा राजवाडा, दुपारी स्टँडजवळ जेवण आणि ऊन उतरले की मांडवी. इथली वाळू काळी, म्हणून लोक याला काळा समुद्र म्हणतात. काळेपणा इल्मेनाइट नावाच्या जड खनिजाचा. त्या वाळूत जांभ्याचे तांबडे आणि काळ्या पाषाणाचे गुळगुळीत खडे. मुले पिशवी भरणारच.

पूर्वी एकदा धाकटीने इथून एक शंख मुंबईला आणला होता. तिसऱ्या दिवशी खोलीत दुर्गंधी सुटली. आत खेकडा होता! रिकाम्या शंखात तो बिऱ्हाड करतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. रोज पंचशील म्हणणाऱ्या आमच्या घरात तो जीव पाण्याविना मेला. पोर दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून शंख कितीही रिकामा दिसो, आम्ही जागेवर ठेवतो. खडकातला दगड उलटला तर होता तसा पालथा घालतो. त्याच्या ओलाव्यात बारीक जीव असतात.

मग खड्यांचे काय? किनाऱ्यावरची वाळू, खडक खणून नेण्यावर केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने बंदी घातली. ती डंपरसाठी होती, पोरांच्या मुठीसाठी नव्हे. (आणि खडकावर कालवे काढणाऱ्या बायांना तर पर्यटकांनी निसर्ग शिकवूच नये, त्यांची चूल त्यावर पेटते.) पण मूठ वेगळी, पिशवी वेगळी. जवळच मिऱ्याला समुद्र किनारा खातो आहे. तिथे बाहेरून मोठमोठे दगड आणून बांध घालावा लागला.

"एका खड्याने समुद्राचे काय जाते?" थोरला कुरकुरला.

"थिबा राजाचापण एकच खडा होता," धाकटी म्हणाली.

सकाळीच मी तिला ती गोष्ट सांगितली होती. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या बौद्ध राजाला पदच्युत केले. पुढच्या वर्षी तो रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. मंडाले सोडताना त्याचा मोठा माणिक एका इंग्रज अधिकाऱ्याने सांभाळायला म्हणून घेतला आणि परत केला नाही, अशी त्याच्या घराण्याची तक्रार होती.

थोरल्याने पिशवी वाळूत ओतली. एक खडबडीत जांभा तेवढा ठेवला. आजीला टाचा घासायला हवा होता.