हिशोबाच्या वहीतील सह्या

आमच्या घरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. किराणा दुकानात उधारीसाठी असते ना, तशीच. ती मूळची आमच्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्याची हिशोबाची वही. पण तिच्यात चाळीसच्या वर गायक-वादकांच्या सह्या आहेत. सतारवाले आहेत, तबलजी आहेत, ख्याल गाणारे आहेत, कव्वाल आहेत आणि आपले भीमशाहीर तर आहेतच. सह्यांसाठी वेगळी पाने राखलेली नाहीत. ज्या दिवशी जे पान उघडले त्यावर सही झाली. त्यामुळे ‘चार भोंगे, सहा ट्यूबलाइट’ या हिशोबाच्या शेजारी एखादा नामवंत गवई निवांत बसलेला दिसतो.

खरे तर ‘चार भोंगे’ अशी अक्षरेही सुरुवातीच्या पानांवर नाहीत. यवतमाळच्या पाटीपुऱ्यात आमच्या वडिलांनी दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि ट्रकची जुनी बॅटरी एवढ्यावर धंदा सुरू केला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बँकेत अंगठा, कोर्टात अंगठा. पण हिशोबात कोणी त्यांना फसवल्याचे आम्हा तिघा भावांना आठवत नाही. त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. भोंग्याला त्रिकोण, ट्यूबलाइटला आडवी रेघ, एका रात्रीच्या भाड्याला काळा ठिपका. पैसे मिळाले की फुली. गिऱ्हाइकांच्याही खुणा होत्या: मास्तरांसाठी छडी, आरा मशीनवाल्यासाठी दाते. एका सावकारासाठी त्यांनी जे चित्र काढले होते त्याचे वर्णन कुटुंबाच्या पानावर करता येणार नाही.

सह्यांची सुरुवात १९८६ च्या हिवाळ्यात झाली. शहरात सतारीचा कार्यक्रम होता आणि माईकचे काम आमच्याकडे होते. कार्यक्रम संपल्यावर मुलांची रांग लागली. त्यांच्या हातात गुलाबी, निळ्या, पोपटी पानांच्या सुबक ऑटोग्राफ वह्या होत्या. आम्ही वायरी गुंडाळत होतो. आयोजकांपैकी एकाने ‘माईकवाल्या पोरांनी मागे थांबावे’ असे आधीच बजावले होते. तेवढ्यात खाँसाहेबांनी विचारले, धामणगावला रेल्वे पकडायची आहे, शेवटची बस कितीला? रांगेतल्या कोणालाच ते ठाऊक नव्हते. आमच्या थोरल्याला मात्र यवतमाळच्या स्टँडचे सारे वेळापत्रक पाठ. त्याने वेळ सांगितली. खाँसाहेबांनी त्याच्या काखेतली वही पाहिली, त्यांना ती ऑटोग्राफचीच वाटली, आणि त्यांनी ती ओढून घेऊन त्रिकोणांच्या शेजारी झोकदार सही ठोकली.

सही उर्दूत होती. आम्हाला वाचता येईना. रात्री घरी आल्यावर तिघेही हिरमुसलो. वडिलांनी कंदिलाजवळ वही धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, “मले त साऱ्याच सह्या अश्याच दिसतात बाप्पा.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुसलमान शिंपीकाकांनी ती वाचून दाखवली. सही ‘वाचून घ्यावी’ लागते हे वडिलांसाठी रोजचेच होते, आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढे नादच लागला. भोंगेवाल्याला एक सोय असते, कलावंत त्याला टाळू शकत नाही. शास्त्रीय गाणाऱ्यांना आमचे भोंगे चालत नसत, त्यांच्यासाठी पेटीतले स्पीकर लागत. तानपुऱ्याचा आवाज नुसता तरळला पाहिजे, डग्गा घुमला नाही पाहिजे. वाद्ये लावण्यात अर्धा तास जातो आणि त्या वेळी सही मागायला जाणे म्हणजे नमाजाच्या वेळी पत्ता विचारणे. भीमगीतांच्या, कव्वालीच्या सामन्यात उलटे. पेटी, ढोलकी, बेंजो तयारच असतात. आवाज शेजारच्या तीन गावांना गेला पाहिजे ही अट असते आणि पहाटे चारला गायक पानटपरीपाशी उभा असताना खुशाल वही पुढे करावी. तबलजींच्या बोटांना पावडर असते, म्हणून त्यांच्या सह्यांवर पांढुरका हात उमटलेला आहे. एका कव्वालाने बशीतला चहा वाचवत केलेली सही तर चहासकट आहे.

ज्यांची सही मिळायला हवी होती असे वाटते, त्यात डॉ. वसंतराव देशपांडे आहेत. ते २ मे १९२० रोजी मूर्तिजापुरात जन्मले, म्हणजे आपल्या शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाला. यवतमाळहून सुटणारी ती अरुंद मापाची गाडी आता बंद आहे. वसंतरावांनी कितीतरी वर्षे पुण्यात लष्करी हिशोब खात्यात कारकुनी केली. दिवसा हिशोब आणि रात्री गाणे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले आणि त्यातल्या खाँसाहेबांनी त्यांचे नाव घरोघर नेले. ते १९८३ साली गेले, आमच्या वहीत पहिली सही पडायच्या तीन वर्षे आधी. हिशोबाच्या वहीत सही करायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण सापडला असता!

आता वामनदादांविषयी. लोककवी वामनदादा कर्डक यांची सही आमच्याकडे आहे आणि वहीत तीच सर्वांत साधी आहे. झोक नाही, शेपटी नाही, एकेक अक्षर सुटे आणि वाचता येणारे. दादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. तरुणपणी मुंबईत आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि त्यांना वाचता येईना, याची त्यांना फार शरम वाटली. मग ते बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे पक्की केली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले. पुढे आयुष्यभर गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम केले, गाणी दिली आणि पुढच्या गावाला गेले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. पाट्या वाचून शिकलेल्या माणसाची सही पाटीसारखी स्वच्छ असावी यात आम्हाला नवल वाटत नाही. वडिलांनी साऱ्या वहीत ‘ओळखून’ बोट ठेवलेली सही ही एकच. जागेवरून ओळखली की अक्षरांवरून, ते त्यांनी सांगितले नाही.

पण दादांची खरी सही कागदावर नाही, गाण्यात आहे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि ऐकणाऱ्याला कळते की गाणे कोणाचे. याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांची आहे, चोखोबांची आहे. ज्या कबीराला बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत मानले, त्याची आहे. सोयराबाई तर कित्येक अभंगांत स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवतात. आज ते वाचताना घशात काहीतरी अडकते. पण त्याच दोन शब्दांमुळे ते अभंग दुसऱ्या कोणाच्या नावावर चढले नाहीत, हेही खरे.

आमचा समज होता की ही रीत आपल्या अभंगांची आणि शाहिरांचीच. माईकपाशी बसून ख्याल ऐकता ऐकता कळले की दरबारी गाण्यातही तेच आहे. अठराव्या शतकात दिल्लीत मुहम्मदशहाच्या दरबारातले नियामत खाँ आपल्या चिजांमध्ये ‘सदारंग’ असे नाव गुंफत. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ होते, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’. आपल्याकडचे संगीत गळ्यातून गळ्यात जाते. कागद हरवतो, वही वाळवी खाते, पण कडवे तोंडपाठ असते. म्हणून करणाऱ्याने सही गाण्याच्या आतच करून ठेवली. युरोपात संगीतकाराने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदालाच ‘ऑटोग्राफ’ म्हणतात. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा असा ऑटोग्राफ बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे आणि २००१ साली युनेस्कोने त्याला ‘जागतिक स्मृती’च्या यादीत घेतले. आपल्या शाहिरांचे ऑटोग्राफ कोठीत, ट्रंकेत आणि हिशोबाच्या वह्यांत आहेत.

हे सारे लिहायला बसलो ते एका पानामुळे.

दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक शाहीर होते. नाव येथे देत नाही, कारण त्यांच्या मुलीचे काम अजून चालू आहे. १९९१ चा एप्रिल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, एकेका रात्री दोन-दोन गावांत आमचे भोंगे. त्या गावात बाहेरची पार्टी आली होती आणि तिने याच शाहिरांचे एक गाणे म्हटले. गाणे रंगले, ‘वन्स मोअर’ मिळाला, बक्षिसाच्या नोटा पडल्या. गाणे कोणाचे ते काही माईकवरून सांगितले गेले नाही. शाहीर समोर सतरंजीवरच बसले होते. मध्यरात्रीनंतर ते स्टेजमागे आमच्याकडे आले. “तुमच्या वहीत मोठमोठ्यांच्या सह्या हायेत म्हणे. एक माहीबी राहू द्या.” मग त्यांनी सहीच नव्हे, गाण्याची पाचही कडवी लिहिली. शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव होते. खाली सही, गाव, तारीख.

दोन वर्षांनी त्या गाण्याची कॅसेट निघाली. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून आम्हीच ती विकत आणली. वेष्टनावर गायकाचा फोटो, संगीतकाराचे नाव, आणि ‘गीत: पारंपरिक’. वाचकहो, दारव्ह्याच्या रस्त्यावर पंक्चर काढत बसलेला जिवंत माणूस पारंपरिक झाला होता! शेवटच्या कडव्यात त्यांच्या नावाच्या जागी तेवढ्याच मात्रांचा दुसरा शब्द बसवला होता. इतका बेमालूम, की मूळ ठाऊक नसणाऱ्याला सांधा लागू नये. पुढच्या जयंतीला त्यांच्याच गावात, त्यांच्याच दुकानासमोर, आमच्या भोंग्यावर ती कॅसेट वाजली. त्यांनी तक्रार केली नाही. गाणे वाजले पाहिजे, एवढेच म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत राहिले.

ते गेले त्याला आता काही वर्षे झाली. गेल्या वर्षी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. आशा सेविका आहे. वडिलांच्या गाण्यांची लहानशी पुस्तिका तिला काढायची आहे. हे गाणे तिने यादीत पहिले घेतले तर छापणाऱ्यांपैकीच कोणीतरी म्हणाले, “ताई, हे तर पारंपरिक आहे, मोबाईलवर पाहा.” मोबाईलवर तर आता तीन-चार जणांनी ते म्हटलेले आहे आणि सगळीकडे शेवटचे कडवे कॅसेटचेच. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात सुधारणा होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. पण वाटा मागायचा तर आधी गाणे आपले आहे हे दाखवावे लागते. घरातली त्यांची वही एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली होती. कॅसेटच्या आधीचा, तारखेचा कागद साऱ्या जिल्ह्यात बहुधा एकच होता, आणि तो आमच्या वहीत होता.

तिला झेरॉक्स नको होती. झेरॉक्सवर कोणीही काहीही म्हणतो, हे तिचे म्हणणे खरेच होते. आमच्यात मात्र चार दिवस वाद झाला. थोरला म्हणाला, वहीला कात्री लावायची नाही. धाकटा म्हणाला, सही तिच्या बापाची आहे, आपण नुसते सांभाळणारे. मधल्याने पान उलटून दाखवले आणि दोघेही गप्प झाले. मागच्या बाजूला आमच्या वडिलांच्या खुणा होत्या. २००६ साली वडील गेले. त्यांच्या हातचे लिखाण म्हणून आमच्याकडे जे काही आहे ते हे त्रिकोण आणि ठिपकेच. पान दिले तर तेवढे वडील जाणार होते.

अखेर दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून वहीत लावली आणि पान पट्टी धरून ब्लेडने कापले. थोरल्यानेच कापले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मुलीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पुन्हा बाहेर काढले आणि उलटून पाहिले.

“हे काय आहे काका?”

आम्ही वाचून दाखवले. चार त्रिकोण म्हणजे चार भोंगे. सहा रेघा म्हणजे सहा ट्यूबलाइट. एक ठिपका म्हणजे एक रात्र.

“आणि फुली?”

फुली नव्हती. त्या रात्रीचे भाडे गावाकडून यायचे राहिले होते.

“मग किती बाकी आहे आमच्या गावाकडं?” तिने पर्स उघडत विचारले.

“राहू दे,” थोरला म्हणाला. “चहा घेऊन जा.”