कडुनिंबाचा पाला व रुपें

वर्गांत जंतूंचा पाठ चालला असतां आम्हांस एक प्रश्न हटकून येतो: "सर, औषध चालू असतांही रोगी दगावतो कसा?" प्रश्न लहान, पण उत्तर मोठें आहे. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत बजाविलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, ते निर्ढावतात. झालें तसेंच. अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळें २०१९ सालीं जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

यावर उपाय शोधतांना विद्वानांची दृष्टि आपल्या अंगणांतील कडुनिंबाकडेही वळली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं पाल्याचा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत मिसळून रुप्याचे अतिसूक्ष्म कण बनविले व तें काम २००४ सालीं प्रसिद्ध झालें. असे कण जंतूंचें आवरण बिघडवितात. पेनिसिलिनला न जुमानणारे कांहीं जंतुही प्रयोगशाळेंत त्यांनीं मरतात.

तथापि हे कण म्हणजे पोटांत घेण्याचें औषध नव्हे. शिवाय रुप्यासही जंतु निर्ढावतात. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत असे जंतु आढळल्याचें १९७५ सालींच प्रसिद्ध झालें आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून प्रतिजैविकें देऊं नयेत, नेमून दिलेली मात्रा चुकवूं नये आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊं नयेत. नवें औषध शोधणें शास्त्रज्ञांकडे. हातचें औषध राखणें मात्र आपणां सर्वांकडे आहे.