हातातली एक्क्यांची जोडी

फालतू पत्ते कोणीही टाकतो. दुर्री, पंजी, नव्वी हाती आली की लहान पोरगाही 'पॅक' म्हणून मोकळा होतो. कठीण असते ते चांगले पत्ते टाकणे. तीन पत्तीत हातात एक्क्यांची जोडी आली, म्हणजे माणसाला वाटते की आता डाव आपलाच. पैसा जातो तो बहुधा अशाच पत्त्यांवर.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत आम्ही सात-आठ जण संध्याकाळी निंबाखाली पत्ते कुटतो. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी अजून रंगकामाला जाणारे. आमच्यातले सर्वांत वयस्कर काकाजी एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल २००२ साली बंद झाली, तेव्हापासून ते घरीच. आमच्या घरच्या बायांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती, "खेळा, पण पैसा दिसला तर चटई उचलून नेऊ." म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. प्रत्येकाला ५० चिंचोके.

ही अट योग्यच आहे. पोळा-दिवाळीला आपल्या विदर्भात गावोगाव जुगाराचे अड्डे बसतात, हे आपण सर्वच जाणतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, डोळ्यांदेखत धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि अशा माणसाला कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजही एका ओळीने कमी करता येत नाही.

परंतु चिंचोक्यांच्या खेळातून आम्ही एक गोष्ट शिकलो. काकाजी चांगले पत्ते खुशाल टाकून देत आणि दिवसाच्या शेवटी त्यांचाच ढीग मोठा असे. आम्ही विचारले की म्हणत, "तुम्ही आपलेच पत्ते पाहून राहिले. समोरच्याची चाल पाहा ना बाप्पा!"

आमच्यापैकी एकाची मुलगी बी.एस्सी. करते. तिने एकदा वहीत हिशेब मांडून दाखवला. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० वेळा हातात जोडीसुद्धा नसते. एक्क्यांची जोडी येते ती फक्त २८८ वेळा, म्हणजे साधारण ७७ डावांत एकदा. म्हणूनच ती आली की माणूस हुरळतो. पण जोडीच्या वरचे पत्ते, म्हणजे कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल, मिळून १,९१६ वेळा येतात. शंभरात जवळपास नऊ वेळा. समोर एकच जण असेल तर भीती थोडी. समोर पाच जण बसले असतील, तर साधारण तीन डावांत एकदा त्यांच्यापैकी कोणाकडे तरी तुमच्या एक्क्यांना मारणारे पत्ते असतात. पत्ते तेच, पण माणसे वाढली की त्यांची ताकद घटते.

परदेशात आणि गोव्याच्या कॅसिनोत पोकर चालतो, त्यातही हीच गोष्ट आहे. तिथे दोन पत्ते हातात असतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडतात. हातात दोन एक्के असताना एकाच गड्याशी शेवटपर्यंत खेळले तर शंभरात ८५ वेळा जिंकता येते. समोरचे नऊ गडी शेवटपर्यंत राहिले तर फक्त ३१ वेळा.

दुसरी गोष्ट चालीची. जो ब्लाइंड खेळतो त्याने आपले पत्ते पाहिलेलेच नसतात, म्हणून त्याच्या चालीला घाबरून जोडी टाकू नये. पण पत्ते पाहिलेला माणूस, जो एरवी लवकर पॅक करतो, तोच जर चाल दुप्पट करत राहिला, तर आपली जोडी कितीही देखणी असो, विचार करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा डावात ४० चिंचोके पडले आहेत आणि शो मागायला १० लागतात. असा प्रसंग पाच वेळा आला आणि एकदा जिंकलो, तर चार वेळचे ४० गेले आणि एका वेळचे ४० आले. बरोबरी झाली. पाचात एकदाही जिंकण्याची आशा नसेल तर पत्ते टाकावेत. या हिशेबात आपण आधी किती टाकले हे कुठेच येत नाही. काकाजी म्हणतात, "डावात पडला तो चिंचोका तुझा नाही राहिला. तो आता डावाचा झाला."

२०२४ च्या पावसाळ्यात हे बोलणे चिंचोक्यांपुरते राहिले नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा, घरोघरी सामान पोचवण्याचे काम करणारा, आमच्याजवळ येऊन बसू लागला. "काकाजी, पॅक कधी करायचं ते शिकवा," म्हणायचा. आम्ही तीन संध्याकाळी शिकवले. मग कळले की तो मोबाईलवर पैसे लावून खेळतो. पहिल्या आठवड्यात ६,००० जिंकला होता. ते गेले. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे २२,००० त्याच्याजवळ ठेवले होते, त्यातले ४,००० गेले. फी भरायला आठ दिवस उरले होते.

"फक्त चार हजार काढतो आणि बंद करतो," तो म्हणाला. "आता मला खेळ समजला आहे."

काकाजींनी हातातले पत्ते खाली ठेवले. "बाबू, तुले खेळ समजला, हेच तुझ्या हातातले एक्के हाय. हेच टाक. ते चार हजार डावाचे झाले. अठरा हजार अजून तुझे हाय."

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग आमच्यासमोरच त्याने तो खेळ मोबाईलमधून काढला आणि घरी जाऊन आईला खरे सांगितले. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण होते. आई रडली, बोलली, दोन दिवस जेवली नाही. कमी पडलेले ४,००० महिला बचत गटातून उचलले आणि फी वेळेवर भरली. पोराने चार महिन्यांत ते फेडले.

निंबाखाली आमच्या चिंचोक्यांतून कोणी कापून घेत नाही. मोबाईलवर मात्र खेळवणारी कंपनी आपला वाटा काढून घेत असे, कोणीही जिंको. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि एक डाव संपताच दुसरा सुरू. चटई उचलणारे तिथे कोणी नसते. जुलै २०२३ मध्ये आपल्याच नागपुरातले एक प्रकरण उघडकीस आले. ऑनलाइन जुगारात एका व्यापाऱ्याचे सुमारे ५८ कोटी गेल्याची तक्रार झाली आणि पोलिसांनी गोंदियात छापा घालून रोकड व सोने जप्त केले. त्या व्यापाऱ्यालाही सुरुवातीला जिंकण्याचीच चव मिळाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला आणि मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. पण चोरवाट दाखवणारे लोक कायद्याने संपत नसतात.

वाचकहो, पहिल्या दिवशी जिंकलेले पैसे हीच घरातल्या पोराच्या हातातली एक्क्यांची जोडी असते. तो हरतो तेव्हा आपण ओरडतो, पण जिंकून येतो तेव्हा पेढा मागतो. विचारायचे असेल तर त्याच दिवशी विचारा. आणि हरून आलेल्याने "एवढे काढतो आणि थांबतो" म्हटले, तर त्याच्याजवळ बसा, उरलेले पैसे मोजा आणि हे अजून आपले आहेत, एवढे त्याला दाखवा.