जर आणि जेव्हा

आमच्या घरी आषाढ म्हणजे जर-तरचा महिना. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवेगार वाढलेले, बांध्या मात्र कोरड्या, आणि बाबा धुऱ्यावर उभे राहून आभाळाकडे बघत म्हणायचे, "पानी आला त रोवना लागेल." पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवायलाच हवेत, त्यापुढे रोवले तर फुटवे कमी धरतात. त्या एका 'त'वर अख्खं घर टांगलेलं असायचं.

तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया वेगळा झाला १९९९च्या १ मेला. मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. आठवीत भाषांतराला वाक्य आलं, 'पाऊस येईल तेव्हा आम्ही रोवणी करू.' मी लिहिलं, 'व्हेन इट विल रेन, वी विल ट्रान्सप्लांट पॅडी.' पहिल्या 'विल'वर लाल रेघ आली. का, ते कोणी सांगितलं नाही. पाऊस तर अजून यायचा होता, मग तिथं वर्तमानकाळ कसा? मी नियम पाठ केला: इफ, व्हेन, अनटिल यांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात 'विल' नाही, मुख्य वाक्यात आहे. मार्क मिळाले, पण गोष्ट उमगली नाही.

ती उमगली मी शिक्षक झाल्यावर. वर्गात एका मुलीनं माझाच जुना प्रश्न विचारला आणि उत्तर शोधताना बाबांचं वाक्य कानात वाजलं. पानी 'आला' त! पाऊस यायचाय, आणि आपण भूतकाळ वापरतो. पाऊस येऊन गेला असं मराठी धरून चालते आणि मगच पुढचं बोलते. इंग्रजी तोच पाऊस समोर पडतोय असं धरते: इफ इट रेन्स. दोन्हीकडे भविष्याचं ओझं मुख्य वाक्यानं वाहायचं. घात होतो तो 'येईल तेव्हा'मुळे. म्हणून मुलांना सांगितलं, 'व्हेन' दिसलं की मनात 'येईल तेव्हा' म्हणू नका, 'आला की' म्हणा. 'विल' आपोआप गळून पडतो.

'इफ'चं तिसऱ्या प्रकारचं वाक्य, न घडलेल्या गोष्टीचं, मात्र मी फळ्यावर जड हातानं लिहितो. एका वर्षी पऱ्हे जागेवरच करपले. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पौषात कोठीचा तळ दिसला तेव्हा आई हळूच म्हणाली, "रोवना झाला असता त..." पुढचं तिनं गिळलं. 'इफ इट हॅड रेन्ड' लिहिताना दर वर्षी तो तळ डोळ्यांपुढे येतो. घडून न गेलेल्या गोष्टीलाही भाषेनं काळ ठेवलाय, कारण माणसाला तिचंही दुःख होतं.

'इफ'मध्ये शंका आहे, 'व्हेन'मध्ये खात्री. ही खात्री आमच्या भागात माणसांनी हातानं उभी केली. नवेगाव बांधचा तलाव १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. गावोगावचे मालगुजारी तलाव, ज्यांना आता मामा तलाव म्हणतात, तेही असेच खपून बांधलेले. ज्याची बांधी तलावाखाली, तो "पानी आला त" म्हणत नाही, "पानी सुटला की" म्हणतो. तलाव गाळानं भरला की तोच शेतकरी पुन्हा 'त'वर येतो.

यंदा वर्गात रोवणीवर एक वाक्य लिहायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं, 'व्हेन दे ओपन द तुडुम, वी विल ट्रान्सप्लांट.' तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार. मी बरोबरची खूण केली आणि विचारलं, "व्हेन का? इफ का नाही?"

ती म्हणाली, "आमचा तलाव भरला हाये, सर."